टाकांची वाटणी

आमच्या घरात देव बापाकडून मुलाकडे गेले नाहीत. वंशावळ सांगताना तसं सांगतात, कारण वंशावळीत पुरुषांचीच नावं येतात. पण देवांचं करणं, म्हणजे कुठल्या दिवशी कुठला नैवेद्य, कोणत्या सणाला पुरण लागतंच आणि कोणत्या सणाला ते चालत नाही, टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, कशानं उजळायचे, घट कुठल्या कोपऱ्यात बसवायचा, हे सगळं सासूकडून सुनेकडे गेलं. माझ्या आजेसासूबाई सुप्याकडच्या, सासूबाई फलटणकडच्या, मी वाळवा तालुक्यातली. तिघींचं आपसात रक्ताचं नातं काही नाही. घराण्याचा म्हणून जो खंडोबा मिरवला जातो, त्याला न्हाऊ-जेवू घालणाऱ्या बायका सगळ्या बाहेरून आलेल्या.

हल्ली चार बायका जमल्या की विषय निघतोच: पुढच्या पिढीला आपला धर्म कसा द्यायचा. लग्नाच्या हॉलमध्ये निघतो, भिशीत निघतो, सकाळी बागेत चालताना निघतो. बोलणं असं चालतं, की जणू पूर्वी आईबाप मुलांना समोर बसवून धर्म शिकवत होते आणि आपणच तेवढ्या आळशी निघालो. मला आठवतं त्यात असं काही नाही. माझ्या आईनं मला शुभंकरोति शिकवलं, रामरक्षा शेजारच्या काकूंनी पाठ करून घेतली, तेवढ्यावर थांबलं. आईचा हिशोब सरळ होता. पोरीच्या नशिबी कुठलं घर, कुठला देव, कुणाला ठाऊक; इथलं शिकून तिथं काय उपयोग? भावांना तर शिकवायचा प्रश्नच नव्हता, ते नैवेद्य कधी दाखवून होतो याची वाट बघत बसायचे. खरी शाळा सुरू व्हायची ती लग्नानंतर, सासूच्या हाताखाली. ती शाळा बंद पडली आहे, कारण सासू आणि सून आता एका स्वयंपाकघरात राहत नाहीत. मुलांच्या पिढीला नावं ठेवण्याआधी एवढं तरी कबूल करायला हवं.

माझं माहेर ज्योतिबाचं. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात, गुलालानं माणसं ओळखू येत नाहीत. वडील यात्रेहून आले की त्यांचा सदरा पुढं कित्येक धुण्यांत गुलाबी पाणी सोडायचा. आमच्याकडे ठेच लागली तरी 'चांगभलं' म्हणत. सासर खंडोबाचं. लग्नाची हळद अंगावर असतानाच जेजुरीला नेलं, रिवाजाप्रमाणे नवऱ्यानं पाच पायऱ्या उचलून नेलं (त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं), आणि वर गेल्यावर कुणीतरी मूठभर भंडारा डोक्यावर उधळला. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "आता त्यांचा देव तोच तुझा. ज्योतिबा काय, डोंगरावर हायेच."

गुलालातून भंडाऱ्यात जायला मला एक दुपार लागली. त्या दुपारी माझ्या श्रद्धेचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही. कुळाचा देव असा एका दुपारीत बदलण्याचा अनुभव आमच्या घरातल्या एकाही पुरुषाला नाही. त्यामुळे व्यासपीठावरून कुणी 'आपली अखंड परंपरा' म्हणू लागलं की मी मनातल्या मनात विचारते, अखंड कुणासाठी?

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्या बोलायच्या कमी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला खंडोबाचं नवरात्र बसतं, ते सहा दिवसांचं, षष्ठीला उठतं. ती चंपाषष्ठी. मणी आणि मल्ल या दैत्यांना देवानं मारलं ती कथा त्या दिवसाची, पण आत्यांनी ती कधी सांगितल्याचं आठवत नाही. त्यांनी दाखवलं ते हे: देव घटी बसवताना खाली किती पानं, दिवा विझू नये म्हणून वात किती जाड, टाक चिंचेनं घासले तर चेहरे झिजतात म्हणून नुसत्या भस्मानं कसे पुसायचे. चातुर्मासापासून घरात वांगं आणि कांदा बंद असे, तो चंपाषष्ठीला सुटायचा. त्या दिवशी भरताची वांगी चुलीतच भाजायची, त्यात कांद्याची पात, आणि बाजरीचे रोडगे. पहिला घास कुत्र्याचा. देवाच्या पायाशी कुत्रा असतो, त्याचा मान आधी.

एकदा मी विचारलं, वांगंच का?

"त्याला आवडतं," आत्या म्हणाल्या.

यापेक्षा खोल धर्मचर्चा आमच्यात झाली नाही. पण त्या उत्तरात एक गोष्ट होती जी मला पुढं कुठल्याच प्रवचनात सापडली नाही. देवाला आवडनिवड आहे, त्याला भूक आहे, तो घरातल्या थोरल्या माणसासारखा ताटाची वाट बघतो. असं एकदा अंगवळणी पडलं की देव आहे की नाही हा प्रश्न फार पुढं सरकत नाही. भरीत करायचं असतं. वांगी भाजायची असतात.

तळीचा मान मात्र पुरुषांचा. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, नाणं. पाचजणांनी मिळून ते ताम्हण 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा उचलायचं. दिवटी पेटवलेली असते, पोरं खोबऱ्यावर डोळा ठेवून असतात. ताम्हण भरणार आत्या, खोबरं फोडणार आत्या, दिवटीला तेल घालणार आत्या, आणि ऐन वेळी त्या दाराच्या चौकटीला टेकून मागं उभ्या. मी त्यांच्या मागं. हे कुणाला खुपत होतं असं नाही. मला तर ते दिसतसुद्धा नव्हतं; पुढं लेकीनं बोट ठेवलं तेव्हा दिसलं.

परंपरा जशीच्या तशी पुढं द्यायची असते, हा एक आणखी गैरसमज. आमच्याकडे चंपाषष्ठी झाली की देवाच्या नावानं बकरं पडायचं, भावकी जेवायला यायची. मामंजींनी उतारवयात पंढरीची माळ घातली. माळकऱ्याच्या घरात बकरं कसं कापणार? त्या वर्षीपासून पुरणपोळी सुरू झाली. भावकी कुरकुरली, एकदोघे जेवायला आले नाहीत, देव कोपेल असंही कुणी म्हणालं. देव काही कोपला नाही. मजा अशी, की मामंजींना जाऊन अजून फार काळ झालेला नाही, आणि माझा पुतण्या आताच सगळ्यांना ठासून सांगतो, "आपल्याकडे पूर्वापार पुरणच असतं." पूर्वापार म्हणजे त्याच्या आजोबांपासून. मी त्याला दुरुस्त करत नाही. रूढी अशाच तयार होतात, बघताबघता, आणि दोन पिढ्यांत पुरातन दिसायला लागतात.

माळेचं हे एक मला वारकऱ्यांकडून नेहमी घ्यावंसं वाटतं. माळ वारशानं येत नाही. बाप माळकरी असला तरी पोरानं आपणहून घालावी लागते, आणि घातली की वारी, एकादशी, मांसाहार वर्ज्य, हे सगळं स्वतः सांभाळावं लागतं. बाईही घालते, कुठल्याही जातीचा माणूस घालतो. कुळाच्या देवाला ही सोय नाही. तो जन्मानं येतो किंवा लग्नानं. त्यामुळे पुढच्या पिढीला तो घ्यायचा की नाही हे विचारायची पद्धतच नव्हती. आता ते विचारायची वेळ आली आहे, आणि आपल्याला विचारता येत नाही, म्हणून आपण त्यांच्यावर रागावतो.

देताना काय द्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न आमच्याकडे जागरणाच्या रात्री आला. लेक तेव्हा कॉलेजात होती. अंगणात वाघ्या-मुरळी रंगात आले होते, घोळ वाजत होती, आणि तिनं सहज विचारलं की मुरळ्या येतात कुठून. घरातल्या मोठ्यांनी 'देवाच्या सेवेकरी' म्हणून विषय मिटवला. तिला तो मिटलेला चालला नाही. वाचनालयातून ती शोधून आली: नवसाच्या मुली देवाला सोडायचे, देवाशी लग्न लावायचे, आणि मग त्या मुलीचं पुढचं आयुष्य कुणाच्याही ताब्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या आपल्या पत्रातून त्याविरुद्ध उठवलेला आवाज. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये झालेला देवदासी संरक्षण कायदा. आणि इतकं होऊनही महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला, ही गोष्ट. जेवणाच्या ताटावर तिनं हे सगळं मांडलं. थोरले दीर म्हणाले, पोरींना शिकवलं की असंच होतं. मामंजी तेव्हा हयात होते. ते बराच वेळ हात वाळवत बसले आणि म्हणाले, "खरं हाय ते. माझ्या आत्याच्या घरची एक सोडली व्हती."

त्या घरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. आमच्या ह्यांनाही नाही.

देव स्वच्छ धुऊन, इस्त्री करून मुलांच्या हातात द्यायची आपल्याला फार घाई असते. मुलं हुशार असतात, ती डाग शोधतातच, आणि आपण लपवला होता हे कळलं की देवासकट आपल्यालाही सोडतात. लेकीनं खंडोबा सोडला नाही. याचं श्रेय मी मामंजींच्या त्या एका वाक्याला देते.

उलट उदाहरण रोज फोनवर येतं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सकाळी कुणी ना कुणी पाठवतं: बांगड्यांमुळे रक्ताभिसरण कसं सुधारतं, कुंकवाच्या जागी कुठली ग्रंथी असते, घंटेच्या नादानं मेंदूचे दोन भाग कसे जुळतात. खाली ओळ, 'आपल्या मुलांना नक्की सांगा.' मुलांना सांगितलं तर ती दोन मिनिटांत शोधून दाखवतात की यात तथ्य नाही, आणि मग बांगडीही जाते, घंटाही जाते. ज्याला स्वतःच्या देवाची खात्री आहे त्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र कशाला लागतं? आत्यांना कुणी कुंकवामागचं विज्ञान विचारलं असतं तर त्यांनी त्याला आधी पाणी दिलं असतं, उन्हातून आलाय समजून. दुसरा प्रकार अभिमानाचा. आपण कोण होतो, आपल्यावर कुणी कसे अन्याय केले, आता आपण जागे व्हायला हवं. यातलं काही खरं आहे, काही फुगवलेलं, पण माझी तक्रार वेगळी आहे. अभिमान फार हलका ऐवज आहे, एका बोटानं पुढं ढकलता येतो. तो पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या घरचा देव घटी कसा बसवतात हे ठाऊक आहे? एका लग्नात मी अशाच एका तरुणाला त्याचं कुलदैवत विचारलं. त्याची आई मागून म्हणाली, "तुळजापूरची भवानी, सांग ना." तो छान मुलगा होता. कपाळावर गंध होतं.

गणपतीची मला काळजी नाही. गणपती मुलं आपणहून घेतात. मोदक आहे, ढोल आहे, चार सुट्ट्या आहेत, परदेशात गेलं तरी मराठी मंडळं आहेत. काळजी कुळाच्या देवाची, कारण त्याला ना मंडप ना वर्गणी. तो एका घराचा असतो, आणि ते घर विखुरलं की त्याला दुसरं कुणी नसतं.

आमचं घर विखुरलं. मुलगा म्युनिकला. तिथं रहिवासी-नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात, कारण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांच्या प्राप्तिकरावर चर्चचा कर बसतो. बव्हेरियात तो आठ टक्के आहे. 'मला कुणी कर मागितला नाही, आपलं फुकट आहे,' असं तो पहिल्यांदा हसून म्हणाला होता. नात शाळेत गेली तेव्हा हसणं कमी झालं. तिथं धर्माचा तास असतो. कॅथलिक मुलं एका वर्गात जातात, प्रोटेस्टंट दुसऱ्या, उरलेली सगळी 'एथिक' नावाच्या तासाला, म्हणजे नीतिविचाराच्या. नात उरलेल्यांत. त्या तासाला बाईंनी विचारलं, तुमच्या घरी काय असतं? पोरीनं सांगितलं, आमच्या घरी देव आहे, तो घोड्यावर बसतो, त्याला दोन बायका आहेत आणि तो वांगं खातो.

मुलानं घाबरून व्हिडिओ कॉल केला. "आई, बाईंना आता काय समजावू? दोन बायकांचं कसं सांगू?"

मी म्हटलं, सांग खरं तेच. म्हाळसा वाण्याघरची, बाणाई धनगराघरची. देवाला दोघींकडं जावं लागतं, दोघींची भांडणं ऐकावी लागतात. त्या भांडणावर आमच्या भागात रात्र रात्र गाणी होतात. बाईंना ऐकायला आवडेल.

त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. तो स्वतः तळीतलं खोबरं खाऊन मोठा झालेला मुलगा. भंडारा कुठल्या डब्यात असतो हेसुद्धा त्याला नातीनं विचारल्यावर शोधावं लागलं. मी त्याला दोष देत नाही. त्याला शिकवायचं असतं हेच आमच्या डोक्यात नव्हतं. सून येईल, तिला शिकवू, असंच चाललेलं होतं.

सून आली ती तेलुगू. हैदराबादची, मूळ वरंगळकडची. मी मनाची तयारी केली होती की आता आमचा खंडोबा माझ्यापाशी संपला. पहिल्या खेपेला ती देवघरापुढं उभी राहिली, हळदीनं माखलेला घोडेस्वाराचा टाक बघितला आणि म्हणाली, "हा तर मल्लन्ना." कोमुरवेल्लीचा मल्लन्ना तिच्या आजीचा देव. त्यालाही हळद उधळतात, तिकडं तिला बंडारीच म्हणतात. त्यालाही दोन बायका: मेडलम्मा बलिजांच्या घरची, केतम्मा गोल्लांच्या, म्हणजे गुराखी-मेंढपाळांच्या घरची. वाणी आणि धनगर, तिकडंही तेच भांडण! तिची आजी संक्रांतीनंतरच्या जत्रेला जायची, ओग्गू गाणारे रात्रभर मल्लन्नाची कथा लावायचे, जमिनीवर रंगीत पुडीनं पट्टण मांडायचे. मात्र तिच्या आईनं यातलं काहीच पुढं नेलं नाही. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये बालाजीची तसबीर आली, तिच्याजवळ साईबाबा आले, आणि मल्लन्ना आजीबरोबर गेला.

तिच्या आईनं का सोडला, मला कळतं. मेंढपाळांचा, हळदीचा, ढोलाचा देव शहरात जरा गावठी वाटतो. बालाजी सगळीकडे चालतो, त्याची कुणापुढं ओळख करून द्यावी लागत नाही. हे इकडंही होतंय. आमच्या सोसायटीतल्या देवघरांमधून म्हसोबा, बिरोबा, वेताळ, सात आसरा निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांच्या जागी सर्वांना चालतील असे मोठे देव आले आहेत. मुलांना 'आपण हिंदू' हे नीट कळतं. पण कुठला डोंगर आपला, कुठल्या झाडाला आपण हात जोडतो, कुठल्या महिन्यात काय खात नाही, हे गेलं की उरलेलं हिंदूपण अर्जातल्या रकान्याएवढं होतं. माझ्या नातीला तो रकाना भरायला वेळ लागणार नाही. मला तिला वांग्यापर्यंत न्यायचं आहे.

म्युनिकला आता चंपाषष्ठीला भरीत होतं. वांगी ओव्हनमध्ये भाजतात, बाजरीचं पीठ जपून वापरतात, ताटातला पहिला घास शेजारच्या बाईंच्या कुत्र्याला. आधी त्या बाईंची परवानगी काढतात, कारण तिकडं कुत्र्याच्या आहाराचे नियम आपल्या चातुर्मासापेक्षा कडक. तळी उचलायला माणसं तीन: मुलगा, सून, नात. पाच पुरुष आणायचे कुठून? तिघं उचलतात. 'अडकेल ते भडकेल' हे नातीचं आवडतं वाक्य झालंय, अर्थ न कळता. ते ती जिन्यावरही ओरडते.

आता लेकीचं. तिचं लग्न झालं ते सत्यशोधक घरात. सासऱ्यांचे आजोबा जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. १८७३ साली पुण्यात निघालेल्या त्या समाजाची रीत त्या घरानं अजून टिकवली आहे. लग्नाला भटजी नव्हता, घरात देव्हारा नाही. थोरल्या दिरांनी तेव्हाच मान हलवली होती, पोरगी देवाला मुकली म्हणून. लेक चार वर्षं गप्प होती. मग आत्या गेल्या, घरातले टाक रिवाजाप्रमाणे थोरल्या दिरांकडे गेले, आणि आमच्यासाठी नवे घडवायचं ठरलं. घरं वेगळी झाली की असंच करतात. सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर देव उठवून घ्यायचे, आणि ते जेजुरीला नेऊन मूळच्या देवाला भेटवायचे. भेटवल्याशिवाय ते नुसती चांदी. सोनाराकडं निघालो तर लेक म्हणाली, "एक जोड माझाही सांग."

दीर म्हणाले, लेकीला टाक देत नसतात. तिला तिच्या सासरचे.

"सासरी नाहीत," लेक म्हणाली.

"मग नाहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती वकील आहे, रागावून बोलण्याची तिला सवय नाही. तिनं विचारलं, १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये देशानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हिस्सा दिला. काका, पुरंदरच्या जमिनीत माझा हिस्सा तुम्हाला मान्य आहे ना? दीर गप्प. त्यांना मान्य होता. ते सरळ माणूस आहेत. मग जमीन चालते आणि देव चालत नाही, असं का?

मी तिथं बसले होते. मला माझं माहेर आठवलं. वडील गेल्यावर मी आणि बहिणीनं हक्कसोड लिहून दिलं, भावानं दोघींना साड्या घेतल्या, आणि आम्ही त्या हसत नेसलो. ज्योतिबा मागायचं तर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचा टाक वहिनीकडं आहे. ती कऱ्हाडची, तिचं माहेर भलत्याच देवाचं.

लेकीला तो टाक हवा कशाला, हा प्रश्न मी तिला एकटीला गाठून विचारला. सत्यशोधक घरात ती हट्टानं देव नेणार आणि सासऱ्यांशी वाकडं घेणार, ही माझी भीती. तिनं सासऱ्यांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "कर की. पण बाई, भटजी नको."

मला हसू आवरेना. खंडोबाला भटजी लागतो कधी? नवरात्र आत्या बसवायच्या, तळी भावकी उचलायची, जागरण वाघ्या घालायचा, गडावर गुरव. आमच्या घरी या देवासाठी संस्कृतचा एक शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. सत्यशोधकाच्या घरात कुठला देव शोभेल, तर हाच. सासऱ्यांना ते बहुधा माझ्याआधी कळलं होतं.

आणि तरी कारण तिनं सांगितलंच नाही. "आजी करायची म्हणून," एवढंच म्हणाली. श्रद्धेचं विचारलं तर म्हणाली, "आई, तुला होती का, तू सासरी आलीस तेव्हा?"

मग टाक झाले. दोन जोड. दिरांनी आडकाठी केली नाही, फक्त एक अट घातली: जेजुरीच्या गुरवाला विचारा, लेकीचे टाक भेटवलेले चालतात का. चालत नाही म्हणाला तर विषय बंद. लेकीनं मान्य केलं. मला धाकधूक होती. देवाच्या दारात 'नाही' ऐकून परत फिरणं फार वाईट, ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. २०१६ मध्ये शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी जायचं की नाही यावर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, ते दीर येताजाता काढत. त्यांना म्हणायचं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही: बायकांना जाऊ दिलं हे वाईट, की न्यायालयात जावं लागलं हे.

रविवार टाळून गेलो तरी गर्दी होतीच. पायऱ्यांवर भंडारा साचून घसरडं झालं होतं, दीपमाळांच्या आडोशाला नवी जोडपी फोटो काढत होती, एक नवरदेव बायकोला उचलून दुसऱ्याच पायरीवर बसला होता. दिरांनी गुडघ्याचा त्रास असताना सगळा गड चढला, काठीनं. वर गुरवाला त्यांनीच गाठलं. सगळं रीतसर सांगितलं: हे धाकट्याचे टाक, हे लेकीचे, लेक लग्न झालेली, सासर असं असं. विचारलं, चालतं का?

गुरव टाक ओल्या फडक्यानं पुसत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "देवाला काय घालायचं ते येतं का तिला?"

"येतं," दीरच म्हणाले.

"मग पावती कुणाच्या नावानं फाडू तेवढं सांगा. माहेरचं आडनाव लावू का सासरचं?"

दिरांनी माझ्याकडं बघितलं, मी लेकीकडं. मागं रांगेतली माणसं 'आटपा लवकर' म्हणायला लागली. लेकीनं पिशवीतून पेन काढलं, पावतीपुस्तक स्वतःच्या पुढं ओढलं आणि लिहायला लागली.